पॅच चालतो, मग घेत का नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'पोस्टग्रेस या डेटाबेसच्या व्हॅक्यूममध्ये (निरुपयोगी जुन्या ओळी साफ करणारा भाग), कुठवर साफ करायचं त्या हद्दीच्या हिशेबात एक सुधारणा करून पॅच (कोडमधला बदल) पाठवला, त्याला चार महिने झाले. पहिले सात आठवडे कुणी चकार शब्द काढला नाही. नंतर एकाने नव्या सेटिंगच्या नावावरून खुसपट काढलं, दुसऱ्याने विचारलं की त्याच वेळी इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) बांधला जात असेल तर काय होतं. सगळ्या टेस्ट पास होतात, माझ्या लॅपटॉपवर वेगही वाढलेला दिसतो. मग घोडं पेंड कुठे खातंय? कंपनीपुरता फोर्क (कोडची वेगळी प्रत) करून मोकळा होऊ का?'

फोर्कवर नंतर येतो. आधी त्या सात आठवड्यांबद्दल.

ती शांतता म्हणजे नकार नव्हे. पोस्टग्रेसच्या मुख्य रेपॉझिटरीत कोड घालण्याचा अधिकार असलेली माणसं जगभरात मिळून तीसच्या आसपास. त्यातले बहुतेक कुठल्या ना कुठल्या कंपनीत नोकरीला आहेत आणि त्यांना तिथलंही काम उरकायचं असतं. समोर पॅच शेकड्यांनी. नकार देणारा निदान वाचून तरी देतो. उत्तर आलं नाही याचा अर्थ बहुधा इतकाच, की उघडून पाहिलं, लांबलचक वाटलं, 'रविवारी बघू' म्हणून ठेवलं आणि रविवार गेला. मी स्वतः इतरांच्या पॅचचं असं अनेकदा केलंय, त्यामुळे खात्रीने सांगतो.

इथलं वर्ष कसं चालतं ते माहीत असलं तर वाट पाहणं जरा सुसह्य होतं. जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च हे कमिटफेस्टचे महिने. तेव्हा नवं लिहिण्यापेक्षा आलेलं तपासण्यावर भर असतो. एप्रिलच्या सुरुवातीला फीचर फ्रीझ (नव्या सुधारणा घेणं बंद), मग बीटा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात नवी आवृत्ती. मार्चमध्ये नवखा, मोठा पॅच घेऊन उभं राहणं म्हणजे मांडवात वऱ्हाड जेवायला बसलेलं असताना आचाऱ्याला नवी भाजी शिकवायला जाणं. जुलैमध्ये या. शिवाय पॅचची नोंद कमिटफेस्टमध्ये केली आहे का, तेही बघा. निम्म्या लोकांची गाडी इथेच अडते. नोंद असली की यंत्रणा तुमचा पॅच ताज्या कोडवर आपोआप लावून लिनक्स, विंडोज, मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर बांधून पाहते. कोड पुढे सरकला आणि पॅच लागेनासा झाला की तिथे लाल खूण येते. लाल खुणेचा पॅच कुणी उघडत नाही. तेव्हा दर पंधरवड्याला तो ताज्या कोडवर आणून नवी आवृत्ती पाठवणं हे तुमचं काम.

आता दुसरा आक्षेप, इंडेक्स बांधणीचा. तुमच्या जागी मी असतो तर तो कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला असता. ज्याने तो विचारला त्याने तुमचा पॅच वाचलाय. नुसता वाचला नाही, त्यात नेमकं कुठे दुखू शकतं तेही त्याने ओळखलंय.

पोस्टग्रेसमध्ये ओळ अपडेट केली की जुनी प्रत तशीच राहते आणि नवी प्रत वेगळी लिहिली जाते. जुनी प्रत कुणालाच दिसण्याची गरज उरली नाही की व्हॅक्यूम ती उचलतो. 'कुणालाच' हे ठरवण्यासाठी त्या क्षणी चालू असलेल्या ट्रॅन्झॅक्शनांचे स्नॅपशॉट (कुणाला कुठल्या प्रती दिसतात त्याची नोंद) पाहावे लागतात. सगळ्यांत जुना स्नॅपशॉट जिथे थांबतो तिथे व्हॅक्यूमची हद्द संपते. मोठ्या टेबलावर 'क्रिएट इंडेक्स कन्करंटली' (टेबल वापरात ठेवून इंडेक्स बांधणारी कमांड) तासन् तास चालते. तेवढा वेळ तिचा स्नॅपशॉट ही हद्द रोखून धरतो, आणि ज्या टेबलांचा त्या इंडेक्सशी काडीचा संबंध नाही तिथेही मृत ओळी साचत जातात. हा त्रास प्रॉडक्शनमध्ये ज्याने भोगलाय त्याला तुमची सुधारणा लगेच पटेल.

१४व्या आवृत्तीत याच दुखण्यावर एक सुधारणा आली होती. साध्या इंडेक्सची अशी बांधणी चालू असेल तर व्हॅक्यूमने तिचा स्नॅपशॉट हिशेबात धरू नये, अशी कल्पना होती. वरवर पाहता बिनचूक: इंडेक्स बांधणारा दुसऱ्या टेबलात डोकावतच नाही, मग त्याच्यासाठी तिथला कचरा कशाला राखायचा? अनुभवी लोकांनी ती लिहिली, अनुभवी लोकांनी तपासली, टेस्ट हिरव्या होत्या. सप्टेंबर २०२१ मध्ये १४ बाहेर पडली. पुढे उघड झालं, की इंडेक्स बांधला जात असताना ज्या ओळी अपडेट होतात त्यातल्या काही इंडेक्समध्ये यायच्या राहून जातात. टेबल सरळ वाचलं तर ओळ आहे, इंडेक्समधून शोधलं तर नाही. कुठलीही एरर नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. १६ जून २०२२ ला १४.४ काढावी लागली. छोट्या आवृत्त्या एरवी फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरच्या ठरल्या गुरुवारी येतात, ही मात्र वेळापत्रक मोडून आली. सुधारणा सरळ मागे घेतली गेली आणि १४ वर या पद्धतीने बांधलेले इंडेक्स पुन्हा बांधा, असं लोकांना सांगावं लागलं.

गडबड झाली ती हॉटच्या शेजारी. हॉट म्हणजे २००८ च्या ८.३ मध्ये आलेली युक्ती. अपडेटमध्ये इंडेक्स असलेला एकही कॉलम बदलला नाही आणि त्याच पानावर (टेबलाच्या फाइलीतला एक ठोकळा) जागा असली, तर नवी प्रत त्या पानावरच ठेवायची, जुनीवरून तिला साखळीने जोडायचं आणि इंडेक्सला हातच लावायचा नाही. (तिचा मूळ पॅच एका पुणेकर डेव्हलपरचा, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.) या साखळीतले मेलेले दुवे छाटण्याचं काम एकटा व्हॅक्यूम करत नाही, पान वाचायला आलेली साधी सिलेक्टसुद्धा जाता जाता ते करून जाते. म्हणजे तुम्ही हद्दीच्या हिशेबात बोटभर बदल केला, तरी त्याचा परिणाम व्हॅक्यूमपुरता राहत नाही. ती हद्द मानून चालणाऱ्या प्रत्येक जागी तो जाऊन पोचतो. सोर्समध्ये हीप डिरेक्टरीत रीडमी डॉट हॉट नावाची फाइल आहे. ती वाचल्याशिवाय व्हॅक्यूमला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत. दोनदा वाचा, पहिल्यांदा कळत नाही.

'सगळ्या टेस्ट पास होतात' या वाक्याचं वजन आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्या मेलेल्या सुधारणेच्याही पास होत होत्या.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. पहिला बरा पॅच मी पाठवला तेव्हा असंच ठणकावून लिहिलं होतं, 'मेक चेक वर्ल्ड पूर्ण पास', म्हणजे सगळ्या टेस्ट हिरव्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: असर्ट (कोडमध्येच पेरलेल्या तपासण्या) चालू करून बांधलं का? नव्हतं बांधलं. बांधलं तर सर्व्हर तिसऱ्याच टेस्टला कोसळला. ते दुरुस्त केलं. पुन्हा विचारणा, कॅश सतत पुसत ठेवून चालवलं का? हे प्रकरणच मला ठाऊक नव्हतं. टेबलाची माहिती सर्व्हर स्वतःच्या कॅशमध्ये ठेवतो आणि ती नोंद कुठल्याही क्षणी रद्द होऊन नव्याने भरली जाऊ शकते. तिच्यातला पॉइंटर (मेमरीतला पत्ता) घेऊन मी तीन फंक्शनं पुढे निघून गेलो होतो. रोजच्या वापरात ती नोंद इतक्या थोड्या वेळात रद्द होतच नाही, म्हणून टेस्ट हिरव्या. प्रत्येक संधीला कॅश पुसायची सोय केली की चूक पाचव्या मिनिटाला समोर. पूर्वी यासाठी वेगळं कंपाइल करावं लागे, १४ पासून डीबग_डिस्कार्ड_कॅशेस हे सेटिंग आहे. त्या रात्री मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण तो पॉइंटर कुणाच्या तरी बँकेत फुटला असता तर मला त्याचा पत्ताही लागला नसता.

कोड आत गेल्यावरही तपासणी संपत नाही. २००४ पासून बिल्डफार्म आहे: लोकांनी आपापल्या यंत्रांवर चालवलेला ताफा, प्रत्येक यंत्राला एका प्राण्याचं नाव. कमिट झाल्यावर हे प्राणी ताजा कोड उचलतात आणि आपापल्या प्रोसेसरवर, आपापल्या कंपायलरने बांधून पाहतात. लॅपटॉपवर शहाण्यासारखा वागणारा कोड एखाद्या भलत्याच चिपवर लाल होतो, आणि ते निस्तरायला कमिटर, म्हणजे तो कोड आत घेणारा, आपली झोप मोडून बसतो. तुमच्या पॅचकडे पाहताना त्याच्या डोक्यात हे असतं. 'हा चालतो का' याचं उत्तर त्याला तासाभरात मिळतं. 'हा बिघडला आणि लिहिणारा तोवर नोकरी बदलून गायब झाला, तर मी हा सांभाळू शकेन का', याचं उत्तर मिळायला महिने जातात. प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळावी लागते. म्हणजे आज आत घेतलेल्या ओळीसाठी त्याने निदान पाच वर्षांची जामीनकी घेतलेली असते.

बदल लहान म्हणजे चर्चाही लहान, असाही एक गैरसमज असतो. २०१८ च्या मार्चमध्ये निघालेला एफसिंकचा विषय आठवा. पोस्टग्रेसची समजूत अशी होती, की डिस्कवर पक्कं लिहिण्याचा एफसिंक फसला तर थोड्या वेळाने तो पुन्हा करावा, यश आलं म्हणजे डेटा पोचला. प्रत्यक्षात लिनक्स एकदा चूक कळवून ती पानं 'स्वच्छ' म्हणून मोकळी करत होता. दुसऱ्या वेळी लिहायला काही उरलेलंच नसायचं, म्हणून एफसिंक आनंदाने 'झालं' म्हणायचा. चेकपॉइंट (साचलेले बदल डिस्कवर उतरवण्याची फेरी) पूर्ण झाल्याची नोंद व्हायची आणि डेटा मात्र कुठेच नसायचा. उपाय दोन वाक्यांत मावतो: एफसिंक फसला तर पुन्हा करू नका, सर्व्हर पाडा. उठताना वॉल (प्रत्येक बदलाची आधी लिहून ठेवलेली नोंद) वाचून सगळं पुन्हा लिहिलं जाईल. एवढ्यासाठी जवळपास वर्ष लागलं. दुरुस्ती फेब्रुवारी २०१९ च्या छोट्या आवृत्त्यांमधून सगळ्या चालू शाखांवर गेली. मधल्या काळात कर्नलवाल्यांशी बोलणी झाली, इतर ऑपरेटिंग सिस्टिम काय करतात ते तपासलं गेलं, आणि ज्यांची सिस्टिम तसं वागत नाही त्यांच्यासाठी डेटा_सिंक_रिट्राय नावाचं सेटिंग ठेवलं गेलं. मुद्दाम सर्व्हर पाडणारा कोड जगभरच्या चालू यंत्रांवर पाठवायचा म्हटल्यावर एवढी घासाघीस व्हायचीच.

नावाचं खुसपट. ते खुसपट आहे हे मान्य, पण त्यामागे एक जुनी जखम आहे. १०वी आवृत्ती येईपर्यंत वॉल फाइली ज्या डिरेक्टरीत असत तिचं नाव होतं पीजी_एक्सलॉग. डिस्क भरली की कुणीतरी घाईत 'हे तर लॉग दिसतायत' म्हणून ती डिरेक्टरी रिकामी करायचा आणि डेटाबेस हातचा घालवून बसायचा. शेजारच्या पीजी_क्लॉगचीही तीच गत. शेवटी २०१७ मध्ये त्यांची नावं पीजी_वॉल आणि पीजी_एक्सअ‍ॅक्ट केली आणि तेव्हा लोकांच्या बॅकअपच्या, देखरेखीच्या असंख्य स्क्रिप्ट मोडल्या. एकदा दिलेलं नाव बदलायला इतकं महाग पडतं. तुम्ही मात्र या वादात दोन दिवसांपेक्षा जास्त घालवू नका. ते सुचवतील ते नाव घ्या आणि पुढे चला. खरं तर तुमच्या सेटिंगबद्दल माझी शंका वेगळीच आहे: ते हवंच कशाला? वापरणाऱ्याने त्याचं मूल्य किती ठेवायचं हे त्याला कशावरून कळणार? 'ज्याला त्याला ठरवू दे' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्यालाच ठरवता आलेलं नसतं. कोडला स्वतःला ठरवता येत असेल तर सेटिंग काढून टाका. पॅच निम्मा होईल आणि नावाचा वादही त्याच्याबरोबर जाईल.

वेगाबद्दल थोडक्यात. लॅपटॉपवरचे आकडे कुणी धरत नाही. तापला की प्रोसेसर स्वतःच मंदावतो आणि तुमची दुसरी फेरी पहिलीपेक्षा हळू धावते. वेग मोजणारं पीजीबेंच स्थिर यंत्रावर लावा, मधे निदान एक चेकपॉइंट येईल इतका वेळ चालू द्या, जुना कोड आणि नवा कोड आलटून पालटून अनेकदा चालवा, सगळे आकडे द्या. आणि ज्या कामात तुमच्या पॅचचा काहीही उपयोग नाही, अशा कामाचेही आकडे द्या. पाहणाऱ्याला फायद्यापेक्षा 'ज्याला हे नको होतं त्याला याचा भुर्दंड किती' यात जास्त रस असतो. ते तुम्ही आपणहून दाखवलंत की निम्मा विश्वास तिथेच कमावला.

पॅचचे तुकडे करा. मी तुमचा पॅच पाहिलेला नाही, पण पहिल्या पॅचमध्ये सगळे करतात ते तुम्हीही केलं असेल: फंक्शनांची हलवाहलव, जाता जाता दिसलेली एक चूक, थोडी रंगसफेदी आणि मूळ सुधारणा, सगळी एकाच फाइलीत खिचडी. हलवाहलव पहिल्या तुकड्यात, वागणूक बदलणारं दुसऱ्यात. जुनी चूक सापडली असेल तर ती पूर्ण वेगळी पाठवा. दुरुस्त्या जुन्या शाखांवरही जातात, सुधारणा जात नाहीत, म्हणून त्यांचा रस्ताच निराळा. कोडची मांडणी नीट लावणारं पीजीइंडेंट चालवा. एररचा मुख्य संदेश इंग्रजीत छोट्या अक्षराने सुरू होतो आणि त्याच्या शेवटी पूर्णविराम नसतो, तपशील आणि सूचना मात्र पूर्ण वाक्यात. हे क्षुल्लक वाटतं. पण वाचणारा अशा बारीकसारीक ठेचांनी थकतो, आणि थकला की फाइल बंद करतो.

आणखी एक, जे कुणी नव्या माणसाला वेळेवर सांगत नाही. कमिटफेस्टमध्ये तुम्ही एक पॅच टाकलात की साधारण तेवढ्याच तोलामोलाचा दुसऱ्याचा पॅच तपासावा, अशी अपेक्षा असते. 'मी काय तपासणार, मी तर नवखा' ही सबब चालत नाही. पॅच लावून पाहा, बांधा, कागदपत्रात लिहिलंय तसं वागतो का ते बघा, विचित्र इनपुट द्या. हे दोन-तीनदा केलंत की तुमचं नाव ओळखीचं होतं. शिवाय दुसऱ्याच्या पॅचमध्ये खोट शोधताना आपल्यात काय राहिलंय ते आपोआप दिसू लागतं. मला कॅशच्या त्या चुकीसारखीच चूक पुढे तिघांच्या पॅचमध्ये सापडली.

समजा तुमचा पॅच आत गेला, तरी गंगेत घोडं न्हालं असं लगेच समजू नका. मर्ज ही कमांड एप्रिल २०१८ मध्ये, ११व्या आवृत्तीच्या फ्रीझच्या तोंडावर आत आली आणि त्याच महिन्यात बाहेर काढली गेली, कारण तिच्या अंतर्गत रचनेवर गंभीर आक्षेप आले. लोकांच्या हातात ती पडली ऑक्टोबर २०२२ मध्ये, १५ बरोबर. कालावधीच्या प्रायमरी की (एकाच गोष्टीच्या नोंदींचे कालावधी एकमेकांवर येऊ न देणाऱ्या) १७ साठी आत गेल्या, मे २०२४ मध्ये मागे घेतल्या गेल्या आणि २०२५ च्या १८ मध्ये आल्या. मागे घेणं हा इथे अपमान मानत नाहीत. मर्जच्या पहिल्या प्रयत्नातले लेखक चार वर्षांनंतरच्या यशाच्या श्रेयनामावलीतही आहेत.

आता फोर्क. करता येईल, लायसन्स आड येत नाही. पण हिशेब मांडून बघा. वर्षाला चार छोट्या आवृत्त्या, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या, प्रत्येकीवर तुमचा पॅच पुन्हा बसवायचा आणि तपासायचा. वर्षाला एक मोठी आवृत्ती येते, आणि व्हॅक्यूमचा कोड अलीकडे दर आवृत्तीत ढवळला जातोय. काही बिघडलं आणि तुम्ही मदत मागायला गेलात, तर पहिलं उत्तर येईल: मूळ आवृत्तीवर असं होतं का ते दाखवा. एखादा फंक्शनसंच असता तर मी एक्स्टेन्शन (बाहेरून जोडायचा भाग) करा म्हटलं असतं आणि विषय मिटला असता. पण हद्दीचा हिशेब बाहेरून बदलण्याची सोय नाही, तेव्हा तो मार्ग तुम्हाला बंद. आणि इंडेक्स बांधणीच्या प्रश्नाचं उत्तर हातात नसताना हा पॅच कंपनीच्या डेटावर चालवायला तर मी ठाम नको म्हणेन. ज्या चुकीने इंडेक्स मुक्याने अर्धवट राहतात ती चूक बॅकअपमध्येही मुक्यानेच जाते.

म्हणून आधी ते उत्तर शोधा. आयसोलेशन टेस्टच्या (अनेक सेशन एकत्र चालवून पाहणाऱ्या) डिरेक्टरीत रीइंडेक्स कन्करंटलीची, म्हणजे टेबल वापरात ठेवून इंडेक्स पुन्हा बांधण्याची, एक स्पेक फाइल आहे, तिची प्रत काढा. एका सेशनमध्ये इंडेक्स बांधणी, दुसऱ्यात त्याच ओळींची अपडेट, तिसऱ्यात तुमचा बदललेला व्हॅक्यूम. १७ पासून इंजेक्शन पॉइंट आहेत, त्यांनी बांधणी कोडमधल्या तुम्हाला हवी त्या ओळीवर थांबवून ठेवता येते, म्हणजे नशिबावर हवाला ठेवायला नको. शेवटी पीजी_अ‍ॅमचेक त्याच्या हीपऑलइंडेक्स्ड पर्यायासह चालवून टेबलातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का ते पडताळा. टेस्ट हिरवी आली तर ती पॅचला जोडा आणि ज्याने प्रश्न विचारला त्याला उद्देशून पाठवा. लाल आली तरी पाठवा, म्हणजे पुढे हाच विचार करणाऱ्याचे चार महिने वाचतील. आणि लाल आली तर कुठल्या ओळीवर आली ते इथेही लिहा, मला बघायचंय.